महालक्ष्मी एक्स्प्रेस, मिसळ आणि सातवी मॅच

मुंबईहून कोल्हापूरला जायला महालक्ष्मी एक्स्प्रेसइतकी सोयीची गाडी नाही. रात्री बसायचं, सकाळी अंबाबाईच्या गावात उतरायचं. पण 25 जून 2024 ला नेमकी हीच वेळ आडवी आली. आइस हॉकीच्या स्टॅनली कपच्या (उत्तर अमेरिकेतल्या NHL लीगचा कप) फायनलची सातवी, म्हणजे शेवटची मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होणार, आणि मी वरच्या बर्थवर, मिरजेच्या आसपास कुठेतरी.

मी फायनलला आलेल्या कॅनडातल्या एडमंटन ऑइलर्सवाला. बर्फ फ्रीजरबाहेर कधी पाहिलेला नाही, पण त्यांच्या कॉनर मॅकडेव्हिडला स्केटवर सुसाट जाताना पाहिलं आणि नाद लागला. शिवाजी पेठेतल्या मित्राला मीच तो लावला. तो मूळचा फुटबॉलवाला, शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडणारा. (कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्या असतात, हे मुंबईत कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.)

मालिकाच तशी होती. सातपैकी चार मॅच जिंकेल त्याचा कप. फ्लोरिडा पँथर्सनी पहिल्या तीन मॅच घेतल्या: 3-0, 4-1, 4-3. इथे बहुतेक मालिकांचा बाजार उठतो. 0-3 वरून फायनल मारलेली टीम एकच, टोरंटो मेपल लीफ्स, तीही 1942 साली. आणि मग चौथ्या मॅचला एडमंटननं 8-1 असा धुरळा उडवला. पाचवी 5-3. सहावी 5-1. ती संपते न संपते तोच मित्राचा फोन, "भावा, सातवी हितं बघायची. ये." तिकीट मिळालं ते सोमवार रात्रीचं.

पहाटे फ्लोरिडाच्या व्हरहेगीनं पहिला गोल केला, आणि दोन-तीन मिनिटांत यानमार्कनं बरोबरी साधली. मी बर्थवर उठून बसायला गेलो आणि डोकं छताला आपटलं. खालच्या बर्थवरच्या काकू विचारत होत्या, "काय झालं बाळ, घरचा फोन?" हातकणंगल्याच्या अलीकडे रेंज गेली. परत आली तेव्हा 2-1. गोल फ्लोरिडाच्या सॅम रायनहार्टचा होता, त्या सीझनला 57 गोल मारलेला गडी.

तिसरा, म्हणजे शेवटचा पिरियड आम्ही स्टेशनपासून जवळच एका मिसळीच्या हॉटेलात पाहिला. बाहेर पाऊस. स्टीलच्या ग्लासाला टेकवून मोबाईल उभा केला, शेजारी कटाचं भांडं, समोर ब्रेडच्या स्लाइस. स्क्रीनवर कटाचा तेलकट शिंतोडा उडाला तो नेमका फ्लोरिडाच्या गोलपोस्टवर, आणि पुसायला दोघांपैकी कुणी तयार नाही. शेवटच्या मिनिटांत एडमंटननं गोलकीपरला बाहेर काढून सहावा खेळाडू आत पाठवला. शेजारच्या टेबलावरचे आजोबा वाकून बघत होते. "गोली कुठं गेला रं?" मित्रानं समजावल्यावर म्हणाले, "मग हाय की डेरिंग!"

डेरिंग होतं, पण गोल झाला नाही. 2-1. फ्लोरिडाचा पहिलावहिला कप, आणि कॅनडातल्या टीमची 1993 पासूनची वाट तशीच पुढे.

खरी वादावादी त्यानंतर सुरू झाली. मालिकेतल्या नव्हे, अख्ख्या प्लेऑफमधल्या (लीगनंतरच्या बाद फेऱ्यांमधल्या) सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी हरलेल्या मॅकडेव्हिडला मिळाली. असं याआधी 2003 साली झालं होतं. नाव पुकारलं, पण पठ्ठ्या ड्रेसिंग रूममधून बाहेरच आला नाही.

"चुकलंच त्याचं," मित्र म्हणाला. "आमच्याकडं मैदानात पडलेला पैलवानसुद्धा वस्तादांच्या पाया पडून जातो."

मला तसं वाटत नाही. तोंडाशी आलेला कप गेल्यावर हसून फोटो द्यायला हवाच, असा काही नियम नाही. आमचं एकमत झालं नाही. दुसरी मिसळ मात्र झाली.

2025 ला परत याच दोन टीम फायनलला आल्या. फ्लोरिडानं सहा मॅचमध्येच 4-2 असा निकाल लावला. ती मालिका मी मुंबईतच घरी, उत्तम वायफायवर पाहिली, आणि तिच्यातला एक गोलही मला आज धड सांगता येणार नाही.