फूल पुरत नाही, पानाखालीही बघा

प्रवासात अनोळखी झुडूप दिसलं की बहुतेक जण फुलाचा एक देखणा क्लोजअप घेऊन पुढे निघतात. त्या फोटोवरून नाव सांगणं तज्ज्ञालाही अवघड जातं, कारण ओळखीच्या बऱ्याच खुणा फुलामागे, पानाखाली आणि सालीवर असतात.

आधी अख्खं झाड टिपा. मग फांदी: पानं समोरासमोर आहेत, एकाआड एक, की एकाच पेराभोवती गोल? नंतर पानाची वरची आणि खालची बाजू, फळ, साल. फूल समोरून आणि बाजूनेही घ्या, नाहीतर पाकळ्यांखालची निदलं, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची दलं, दिसतच नाहीत. सगळ्यात जास्त गफलत होते ती पान आणि पर्णिका, म्हणजे एकाच पानाचा छोट्या पानासारखा दिसणारा भाग, यांत. देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात कळी असेल तर ते पूर्ण पान. पर्णिकेच्या बुडाशी कळी नसते. हा एक फोटो असला तरी निम्मे चुकीचे पर्याय गळतात.

बारीक फुलावर फोनचा फोकस हमखास मागच्या गवतावर जातो. फुलामागे तळहात धरा. फोकस बसतो आणि आकाराचा अंदाजही येतो. मात्र अनोळखी पान चुरगळून वास घेऊ नका. जायंट हॉगवीड या वनस्पतीचा रस त्वचेला लागला आणि वर ऊन पडलं, तर भाजल्यासारखे फोड येतात.

मधमाशी वाटणारा कीटक पुष्कळदा माशी निघतो. पंखांची एकच जोडी, मोठे डोळे आणि आखूड मिशा दिसल्या तर ती माशीच. फुलपाखराच्या पंखांच्या दोन्ही बाजू हव्यात. चतुर बसताना पंख पसरून ठेवतो, टाचणी हा त्याच्यासारखाच दिसणारा सडपातळ कीटक बहुधा ते पाठीवर मिटून घेतो. पक्षी पानांआड असेल तर फोटोच्या मागे न लागता आवाज रेकॉर्ड करा. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपमध्ये त्या प्रदेशाचा पॅक निघण्याआधीच डाउनलोड केला, तर जंगलात नेटवर्क नसतानाही ते चालतं.

आता आयनॅचरलिस्ट, म्हणजे फोटो चढवून सजीवांची नोंद करण्याचं आणि नाव ओळखण्याचं अ‍ॅप. त्याने सुचवलेल्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द, म्हणजे वंश, बऱ्याचदा बरोबर असतो. दुसऱ्या शब्दात, म्हणजे जातीत, चूक होते. खात्री नसेल तर वंशावर थांबा. माझ्या मते अचूक वंश हा चुकीच्या जातीपेक्षा कितीतरी मोलाचा. दुसऱ्या कुणी नाव सुचवलं की लगेच ‘सहमत’ दाबू नका: तेही एक मत धरलं जातं आणि दोघांच्या मतावर नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी, ठरू शकते. हॉटेलच्या आवारातलं झाड ‘लागवडीचं’ म्हणून नोंदवा. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची, पण उष्ण प्रदेशांत जगभर लावलेली दिसते.

वेगळा कॅमेरा असेल तर त्याचं घड्याळ नव्या देशाच्या वेळेवर लावा, नाहीतर निशाचर पतंग भर दुपारचा म्हणून नोंदला जातो. मेसेजमधून आलेल्या फोटोतून ठिकाणाची माहिती बहुधा गळून गेलेली असते. मूळ फाइलच चढवा. संकटग्रस्त जातींचं नेमकं ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप झाकतं. घरट्यासाठी मात्र ते झाकण्याचा पर्याय तुम्हालाच निवडावा लागतो, आणि तो फोटो चढवतानाच निवडा.