धस्स

दुपारी सगळं निवांत असताना आत कुठेतरी भांडं पडतं आणि छातीत धस्स होतं. छातीचं सगळ्यांना कळतं. पोटावरच्या वळीपर्यंतही ते पोचलेलं असतं, पण तिची विचारपूस कोण करतो!

चरबी म्हणजे नुसती वखार, हा समज काही जाता जात नाही. खरं तर ती बोलकी आहे, जरा जास्तच. १९९३ साली उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाह भडकवणारा रेणू सापडला, पुढच्याच वर्षी भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक हाती लागलं. रक्तात फिरणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या दाहाचा निरोप नेणाऱ्या रेणूपैकी साधारण एक तृतीयांश या चरबीतूनच येतं.

तर धस्स. चरबीत मज्जातंतूंची टोकं पसरलेली असतात. तिथे नॉरअॅड्रेनॅलिन हे ताणाचं रसायन झिरपतं, मेदपेशीवरच्या बीटा ग्राहकाला (निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, आत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि साठा फुटून मेदाम्लं बाहेर पडू लागतात. पळायचं तर इंधन नको? त्याच हाकेसरशी इंटरल्यूकिन-६ बनायला लागतं. रक्तातलं अॅड्रेनॅलिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मात्र सावकाश, वीस-तीस मिनिटांनी ऐन भरात. आणि येऊन करतं काय, तर दटावतं. आपल्या ग्राहकासोबत थेट पेशीच्या केंद्रकात शिरून दाहाची जनुकं चालवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला अडवतं. एक म्हणतो बोल, दुसरा मागाहून येऊन म्हणतो पुरे.

मग ताणाने दाह वाढतो म्हणतात, ते कसं? रोज उठून दटावलं की पोरं ऐकेनाशी होतात, तसंच. ताण महिनोन् महिने चालला की पांढऱ्या पेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात. बोल म्हणणारा मात्र ताजातवाना. चरबी वाढली की भक्षक पेशीही तिथेच मुक्काम ठोकतात. सडपातळ शरीराच्या चरबीत एकूण पेशींपैकी त्या दहा टक्क्यांच्या आत, लठ्ठपणात चाळीसच्या घरात. शिवाय चरबीकडे स्वतःचं एक विकर (एन्झाइम) आहे, निष्क्रिय कॉर्टिसोनचं जागच्या जागी कॉर्टिसॉल करून देणारं. त्यामुळे रक्ताचा अहवाल स्वच्छ आणि चरबीत वेगळंच राज्य, असंही होतं.

मोजायला जावं तर आणखी गंमत. कॉर्टिसॉल सकाळी चढलेलं, मध्यरात्री उतरलेलं, म्हणून नमुन्यावर वेळ हवीच. इंटरल्यूकिन-६ साठी शिरेत नळी ठेवून तासातासाने रक्त घेतलं, तर काही तासांनी नळीजवळची जागाच ते सोडायला लागते आणि आकडा फुगतो; पडताळायला दुसऱ्या हातातून घ्यावं लागतं. उंदरांचं तर विचारूच नका. त्यांना नुसतं अरुंद नळकांड्यात अडकवून ठेवलं तरी उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी चरबीतून इंटरल्यूकिन-६ उसळतं आणि यकृत साखर सोडू लागतं, हे २०२० साली दिसलं.

माणसाला निदान सांगता येतं : सुईआधी अर्धा तास शांत बसा. पण शांत बसा म्हटल्यावर आजवर कोण शांत बसलंय?