बोअरच्या पाण्याचा नमुना: बाटली भरण्याआधीचा पाऊण तास

पाणी तपासणीचा अहवाल हातात आला की नजर थेट फ्लोराइड आणि नायट्रेटच्या आकड्यांवर जाते. पण तपासलेलं पाणी नेमकं कुठलं होतं, रात्रभर बोअरमध्ये साचलेलं, गच्चीवरच्या टाकीतलं, की खडकाच्या भेगेतून नुकतंच आलेलं, हे अहवालात लिहिलेलं नसतं. घरातल्या लहान मुलांनी कुठलं पाणी प्यायचं ते याच आकड्यांवर ठरतं. म्हणून नमुना घेण्याचं काम जाता-येता उरकण्यासारखं नाही.

आधी बोअरच्या आत काय असतं ते पाहू. महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली बेसॉल्ट आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. थराचा वरचा भाग पोकळ्यांचा आणि फुटीर, खालचा घट्ट काळा पाषाण. पाषाणात पाणी मिळतं ते फक्त भेगांमध्ये. बोअर घेताना केसिंग पाईप मुरूम संपून पक्का दगड लागेपर्यंतच टाकतात, त्याखाली बोअर उघडीच असते. त्यामुळे ६० मीटरच्या एका बोअरमध्ये वेगवेगळ्या खोलीवरचे दोन-तीन झरे येऊन मिळतात. पंप बंद असला तरी पाणी स्वस्थ बसत नाही. ज्या झऱ्याचा दाब जास्त, त्याचं पाणी बोअरमधून कमी दाबाच्या झऱ्यात उतरत राहतं. वर केसिंगचं लोखंड गंजत असतं. पंप सुरू करून पहिल्या दोन मिनिटांत भरलेल्या बाटलीत हे सगळं येतं, आणि भूजल म्हणून तेच तपासलं जातं.

म्हणून आधी उपसा. बोअरमधल्या पाण्याच्या स्तंभाचं आकारमान काढायचं आणि त्याच्या तिप्पट पाणी उपसून टाकायचं. साडेसहा इंची बोअरमध्ये एका मीटरला सुमारे २१ लिटर पाणी मावतं. बोअर ६० मीटर खोल आणि पाण्याची स्थिर पातळी १५ मीटरवर असेल तर स्तंभ ४५ मीटरचा, म्हणजे साधारण ९५० लिटर. तिप्पट केलं की २,८५० लिटर. पंप तासाला ४,००० लिटर देत असेल तर झाला पाऊण तास. पंपाचा वेग कागदावर लिहिलेला धरू नका. २०० लिटरचा पिंप किती वेळात भरतो ते घड्याळ लावून पाहा. स्थिर पातळी पंप सुरू करण्याआधी मोजायची, नंतर नाही.

हातपंपाला हा हिशेब झेपत नाही. मिनिटाला १२ लिटरच्या आसपास पाणी देणाऱ्या पंपावर तेवढा उपसा करायला चार तास लागतील. तिथे सकाळची पाणी भरण्याची गर्दी ओसरल्यावर, म्हणजे पंप दोनेक तास चालल्यानंतर जावं.

उपसा पुरेसा झाला की नाही, हे पाणीच सांगतं. दर पाच मिनिटांनी विद्युतवाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते; क्षार जास्त तर ती जास्त), तापमान आणि पीएच मोजा. लागोपाठच्या तीन मोजणींत वाहकता पाच टक्क्यांच्या आत आणि पीएच ०.१ च्या आत राहिला की बाटली भरायला हरकत नाही. वाहकता वाढतच चालली किंवा उतरतच चालली, तर वेगळ्या झऱ्याचं पाणी अजून येतं आहे असं समजावं आणि बाटली न भरता उपसा चालू ठेवावा. वाहकतेचं मीटर निघण्यापूर्वी प्रमाणित द्रावणात आणि पीएच मीटर ७ व ९.२ पीएचच्या बफर द्रावणांत तपासून घ्या. नाहीतर जागेवर घेतलेल्या नोंदींना अर्थ उरत नाही.

आता बाटल्या. रासायनिक तपासणीसाठी पॉलिथिनची एक लिटरची स्वच्छ बाटली घ्या. शीतपेयाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी नको. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका. जिवाणू तपासणीची बाटली याच्या अगदी उलट: प्रयोगशाळेने निर्जंतुक करून दिलेली, मुळीच न विसळता भरायची, आणि हलवता यावं म्हणून वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडायची. क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी तिच्यात सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं. विसळली की ते गेलंच. या दोन पद्धतींची अदलाबदल होते आणि दोन्ही नमुने वाया जातात.

जिवाणूंसाठी नळाचं तोंड स्पिरिटने पुसा, धातूचा नळ असेल तर ज्योतीने तापवा, मग दोन-तीन मिनिटं पाणी सोडून बाटली भरा. झाकण हातात धरायचं, जमिनीवर ठेवायचं नाही आणि त्याच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. उघड्या विहिरीत बाटली दोरीला वजन बांधून पृष्ठभागाच्या ३० सेंटिमीटर खाली उतरवा, कडेच्या दगडांना लागू देऊ नका. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याच्या दिवशी नमुना घेऊन 'जिवाणू नाहीत' असा अहवाल मिळवण्यात काही राम नाही; लोक रोज जे पाणी पितात त्याचाच नमुना हवा.

बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. जिवाणूंची तपासणी सहा तासांत सुरू झाली तर उत्तम, २४ तासांपलीकडे त्या आकड्यावर विसंबू नये. नायट्रेटचा नमुनाही थंडच हवा, कारण बाटलीतले जिवाणू नायट्रेट खातात. पीएच आणि अल्कता (पाण्याची आम्ल जिरवण्याची क्षमता) बाटलीत बदलते: विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच वर जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बाटलीला आतून धरतो. अहवालात मग कॅल्शियमही कमी दिसतं आणि अल्कताही. लोहाचं असंच होतं. पाणी काढताना नितळ असतं, तासाभरात तांबूस होतं आणि लोह तळाला बसतं. धातूंसाठी म्हणूनच वेगळी बाटली, तिच्यात पीएच २ च्या खाली येईल इतकं नायट्रिक ॲसिड. तीच बाटली नायट्रेटच्या तपासणीला दिली तर ॲसिडमधलंच नायट्रेट मोजलं जाईल.

नोंद बाटलीच्या अंगावर करा, झाकणावर नाही, झाकणं बदलतात. ठिकाण, तारीख, वेळ, बोअरची खोली, स्थिर पातळी, किती वेळ उपसा केला, जागेवरची वाहकता आणि पीएच, एवढं तरी हवंच. नमुने बरेच असतील तर एका बोअरच्या दोन बाटल्या वेगवेगळ्या क्रमांकांनी द्याव्यात. दोन्हींच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर प्रयोगशाळेला विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

अहवाल आल्यावर मर्यादा पाहण्याआधी एक ताळा करून बघा. पाण्यातल्या धनभारित आणि ऋणभारित आयनांच्या (विरघळलेल्या क्षारांच्या भारित कणांच्या) भारांची बेरीज सारखी यायला हवी, कारण पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असतं. दर लिटरमागच्या मिलिग्रॅमला पुढच्या संख्यांनी भागा: कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १२.१५, सोडियम २३, पोटॅशियम ३९.१, क्लोराइड ३५.४५, सल्फेट ४८, नायट्रेट ६२ आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिलेली अल्कता ५०. समजा कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ३६, सोडियम ४६, पोटॅशियम २ आहे. बेरीज येते ९. अल्कता ३००, क्लोराइड ६०, सल्फेट २४, नायट्रेट ३१, बेरीज ८.६९. दोन्हींतला फरक भागिले दोन्हींची एकूण बेरीज, गुणिले १००: पावणेदोन टक्के. पाचच्या आत आहे, अहवाल पटण्यासारखा. आता टंकलेखनात क्लोराइड ६० ऐवजी ६ झालं असं धरा. फरक एकदम अकरा टक्क्यांवर जातो आणि चूक उघडी पडते. आणखी एक झटपट ताळा: धनभारित बेरजेला १०० ने गुणलं की वाहकतेच्या जवळचा आकडा मिळतो. इथे तो ९०० मायक्रोसीमेन्सच्या आसपास यायला हवा. तुम्ही बोअरवर १,४०० लिहून आणला असेल, तर बाटल्यांची अदलाबदल झाल्याचा दाट संशय घ्यावा.

मर्यादा आयएस १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात आहेत, सगळ्या लिटरला मिलिग्रॅममध्ये. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ५०० आणि २,०००, एकूण काठिण्य (पाण्याचा जडपणा) २०० आणि ६००, क्लोराइड २५० आणि १,०००. नायट्रेट ४५, त्यात सवलत नाही. नायट्रेटचा आकडा वाचताना तो कशाच्या रूपात दिला आहे ते बघा. 'नायट्रोजनच्या रूपात १२' म्हणजे नायट्रेट ५३, म्हणजे पाणी नापास. ४५ च्या मर्यादेशी तो १२ ताडून पाहणारा माणूस निर्धास्त होऊन घरी जातो.

नायट्रेट खडकातून येत नाही. ते उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून, शेतातल्या युरियातून उतरतं, म्हणून उथळ विहिरीत जास्त सापडतं आणि पावसानंतर वाढलेलं दिसू शकतं. सोबत क्लोराइड आणि पोटॅशियमही वाढलेलं असेल तर आधी सांडपाणी आणि शेणखताकडे बघा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या दुधाला असं पाणी अजिबात वापरू नये. उकळून उपयोग नाही. वाफ जाते, नायट्रेट मागे राहून उलट दाट होतं. फ्लोराइडचंही तेच.

फ्लोराइडबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ते चांगल्या पाण्याच्या वेशात येतं. ते खडकातल्या खनिजांतून विरघळतं, आणि किती विरघळेल ते बऱ्याच अंशी कॅल्शियमवर ठरतं. कॅल्शियम भरपूर असेल तर कॅल्शियम फ्लोराइड बनून बाजूला पडतं. पण पाणी खोल खडकात दीर्घकाळ मुरलं की चिकणमाती आणि बेसॉल्टच्या पोकळ्यांतली झिओलाइट नावाची खनिजं कॅल्शियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. कॅल्शियम उतरलं, पीएच ८ च्या वर गेला, अल्कता वाढली की फ्लोराइडला मोकळं रान मिळतं. असं पाणी चवीला गोड लागतं. साबणाला फेस भरपूर येतो, डाळ लवकर शिजते, भांड्यांवर पांढरे डाग पडत नाहीत. गावात त्या बोअरची स्तुती होते आणि जवळची जड पाण्याची विहीर मागे पडते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांत हातपंप अशाच खोल पाण्यापर्यंत पोहोचले आणि मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटले. खिशातलं टीडीएस मीटर इथे काहीच सांगू शकत नाही. टीडीएस ३०० आणि त्यात फ्लोराइड ३, म्हणजे एकूण क्षारांच्या जेमतेम एक टक्का. मीटरवर आकडा छानच दिसणार.

म्हणून अहवालात सोडियम जास्त, कॅल्शियम कमी आणि पीएच ८ च्या वर दिसत असेल आणि फ्लोराइडचा रकाना रिकामा असेल, तर ती तपासणी आवर्जून मागून घ्या. आकडा १.५ च्या वर गेला तर आधी आसपासच्या उथळ विहिरी त्याच दिवशी त्याच पद्धतीने तपासा. मुरुमातल्या पाण्यात कॅल्शियम जास्त असल्याने फ्लोराइड बहुधा कमी निघतं. तिथे जिवाणू सापडले तर क्लोरीनने मरतात. नायट्रेट मर्यादेत असेल तर पिण्यापुरती तीच विहीर वापरणं सगळ्यात स्वस्त पडतं. तसं पाणी नसेलच, तर तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत आहे, नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली. तिच्यात तुरटीची मात्रा पाण्याच्या अल्कतेवर आणि फ्लोराइडवर ठरते, म्हणून बाटलीत पडून बदललेली अल्कता नको, बोअरवर मोजलेलीच हवी. तपासणी मेअखेर एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा करा, दोन्ही वेळा उपसा तेवढाच वेळ ठेवा, आणि दोन्ही अहवालांवर त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहून ठेवा.