दीड फुटी जवान

पटांगणातल्या जवानाच्या पुतळ्याला आपण सगळेच नमस्कार करून वर्गात गेलो. मला मात्र आधी आठवतो तो त्याचा दीड फुटी नमुना.

१९७३ साल. मी नववीत होतो. ६५ आणि ७१ च्या लढाईत कामी आलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांचं स्मारक करायचं ठरलं होतं. आदल्या वर्षी २६ जानेवारीला इंडिया गेटवर अमर जवान ज्योत पेटली होती. उलटी रायफल, तिच्यावर हेल्मेट, तो फोटो घरोघरी पोचला होता. तसंच करा, असं पुष्कळांचं म्हणणं. शिल्पकार म्हणाले, "ही शाळा आहे. इथं मुलांना चेहरा दिसायला हवा."

चित्रकलेच्या वर्गात त्यांनी तारेच्या सांगाड्यावर शाडू चढवायला घेतला. रात्री ओलं गोणपाट टाकून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. नमुन्याच्या चौपट पुतळा होणार होता. "इथं एक सूत चुकलं की तिथं अर्धा इंच चुकतं," असं ते मोजताना सांगायचे.

जवान शोकशस्त्र करून, म्हणजे मृतांना मानवंदना देताना रायफल उलटी टेकवून मान खाली घालतात तसा, उभा होता. एका दुपारी घंटा द्यायला निघालेले आपले शिपाईमामा दारात थबकले. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतले निवृत्त हवालदार.

"साहेब, हात चुकलेत."

कोपऱ्यातली झेंड्याची काठी घेऊन त्यांनी तिचं टोक डाव्या बुटावर टेकवलं. दोन्ही तळवे वरच्या टोकावर, एकावर एक. मान खाली. वर्गात कुणी हललं नाही. घंटा त्या दिवशी उशिरा झाली. मामांचे डोळे मिटलेले होते, ते कुणासाठी, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.

शिल्पकारांनी शाडूचे हात खरवडून काढले आणि मामांकडे बघत नवे केले. मग साचा घेतला. साच्यातला शाडू उकरून काढताना मला रडू आलं होतं. पण त्यात प्लास्टर ओतून साचा फोडला, तेव्हा जवान जसाच्या तसा बाहेर आला. डाव्या खांद्याखाली शिल्पकारांच्या अंगठ्याचा ठसासुद्धा उमटला होता. मोठ्या ब्राँझच्या पुतळ्यावर तो नाही.

तो नमुना आजही ढालींच्या कपाटात, मागच्या रांगेत आहे. शाळेच्या या अमृतमहोत्सवात तो पुढे काढावा, मुलांना जवळून बघू द्यावा, आणि ते हात आपल्या मामांचे आहेत, एवढं खाली लिहावं.