मनोरा वसईत, घंटा नाशकात

रविवार, रात्रीचे दहा

पँटला चिकटलेली कुसळं काढत बसलोय. पहाटेच्या लोकलने वसई गाठली. किल्ल्यात पोचलो तेव्हा सातही वाजले नव्हते, तरी सेंट जोसेफ चर्चच्या दारात एक जोडपं प्री-वेडिंगसाठी रंगीत धूर सोडत उभं! तो निळा धूर विरेपर्यंत फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंच्या चर्चमध्ये जाऊन थांबलो.

छप्पर नाही. त्यामुळे फोटोत आभाळ पांढरंफटक येतं, नाहीतर भिंती काळ्याठिक्कर. शेवटी आभाळाचा नाद सोडला आणि कॅमेरा खाली वळवला. खाली सगळ्या थडग्यांच्या शिळा. ऊन तिरपं असतं तेवढा वेळच त्यावरची अक्षरं उठून दिसतात. ते डोक्यावर आलं की दगड कोरा. मला पोर्तुगीज येत नाही. 'सेपुल्तुरा' एवढं लागलं, म्हणजे कबर. एका शिळेवरच्या खोलगट 'ओ'मध्ये मुंग्यांनी मातीचा ढीग घातला होता. आजचा त्यातल्या त्यात बरा फोटो तोच.

वहीत कविताही सुरू केली होती. पहिल्याच ओळीत 'काळाच्या उदरात' आलं. खोडलं. पडकी भिंत दिसली की असले शब्द न बोलावता येतात.

परतताना जोसेफच्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहिलं. पारवे होते, घंटा नव्हती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांबरोबर घाटावर गेल्या. एक वाईजवळ मेणवलीला आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. आणि आमच्या नाशकातली नारोशंकराची घंटा, १७२१ साल कोरलेली, तीही वसईचीच. याच मनोऱ्यातली असं मी म्हणत नाही.

लहानपणी मी भोकाड पसरलं की आजी म्हणायची, "झाली सुरू नारोशंकराची घंटा!" ती घंटा आधी कुठे वाजायची, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

'उदर' खोडलं होतं त्याखाली गाडीत दोनच ओळी झाल्या:

मनोऱ्यात पारवे घुमतात,
आजी मला गप्प करते.

पुढचं सुचेना. धाकट्याला मेसेज टाकला, गोदेवर गेलास तर घंटेचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. त्याचं लगेच उत्तर आलं, "वाजवू देतात का पण?"