मनिलात कोच होताना

मी मूळचा नागपूरचा. शाळेपासून बास्केटबॉल खेळलो, कॉलेजच्या संघात होतो, आणि नोकरी लागल्यावर पुष्कळांचं सुटतं तसं माझंही सुटलं. 2015 साली कंपनीने मनिलाला पाठवलं. मनिला महानगरातल्या मँडालुयोंग शहरात खोली घेतली, त्याच संध्याकाळी गल्लीच्या टोकाला खांबावर ठोकलेला प्लायवूडचा बोर्ड आणि रिंग दिसली. पोरं चपला घालून खेळत होती, आणि काय सुंदर खेळत होती! सामान तसंच टाकून मी खाली उतरलो.

इथे बरांगाय म्हणजे साधारण आपल्याकडचा वॉर्ड, पण त्याला स्वतःचा निवडून दिलेला कारभार असतो. आमच्या बरांगायचं पत्र्याच्या छपराचं एक कोर्ट आहे. सभा तिथेच, वादळात घरं सोडून आलेल्यांचा मुक्काम तिथेच, आणि बाकी सगळा वेळ बास्केटबॉल. सुट्टीत किंवा फिएस्टाच्या, म्हणजे इथल्या जत्रेच्या, सुमारास ‘लिगा’, म्हणजे बरांगायची बास्केटबॉल स्पर्धा भरते. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तोच उत्साह. उद्घाटनाला संघ मिरवत येतात आणि प्रत्येक संघापुढे नटूनथटून एक मुलगी चालते, तिला ‘म्यूज’ म्हणतात.

तीन हंगाम खेळलो. मग गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि डॉक्टरांनी उड्या बंद केल्या. खेळाची समिती ज्यांच्याकडे होती ते कगावाद, म्हणजे बरांगायचे निवडून आलेले सदस्य, घरी आले. मी त्यांना कुया म्हणतो, थोरला भाऊ. ते म्हणाले, “घरात बसू नको. टेबलावर बस.”

टेबल म्हणजे स्कोअरशीट, घड्याळ आणि शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटवर चेंडू टाकायला संघाला मिळणारा वेळ मोजणारं घड्याळ. इतकी वर्षं खेळूनही त्या कागदाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं. प्रत्येक बास्केट कोणाच्या नंबरवर, प्रत्येक फाउल कोणत्या क्वार्टरमधला. क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटवर चेंडू टाकायची संधी. ती चौथी खूण चुकली तर सामना फिरतो. महिनाभर रोज रात्री हे केलं आणि मला खेळ वेगळा दिसायला लागला. कोणता मुलगा दमल्यावर हात घालून फाउल करतो, कोणता कोच टाइमआउट उशिरा घेतो, सगळं त्या कागदावर असतं. ज्याला कोचिंग करायचंय त्याने आधी एक हंगाम टेबलावर बसावं, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

तिथूनच एका जुन्या कोचनी मला हाताखाली घेतलं. सामन्यानंतर ट्रायसिकलची, म्हणजे बाजूला डबा जोडलेल्या मोटरसायकल-रिक्षाची, वाट बघत आम्ही बोलत उभे राहायचो. मी म्हटलं, मी खेळाडू माणूस, कारभार मला कसा जमणार? त्यांनी नावं मोजायला सुरुवात केली. आम्ब्रोसिओ पादिया, 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये पाचव्या आलेल्या संघाचा कप्तान, पुढे सॉलिसिटर जनरल आणि सिनेटर. कार्लोस लॉयझागा, 1954 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकणाऱ्या संघाचा आधार, नंतर राष्ट्रीय संघाचा कोच आणि मनिलाचा नगरसेवक. रॉबर्ट जॅवोर्स्की, गिनेब्रा या व्यावसायिक संघाचा खेळाडूही आणि कोचही, 1998 मध्ये सिनेटर. रामोन फर्नांडेझ, चार वेळा इथल्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू, पुढे सरकारी क्रीडा आयोगावर. इथे खेळाडू कोर्टवरून उठून कारभाराच्या खुर्चीत बसतो, यात कोणाला नवल वाटत नाही.

आणि ती खुर्ची बिघडली तर काय होतं तेही त्यांनीच सांगितलं. देशाची ऑलिम्पिक समिती आणि तेव्हाची बास्केटबॉल संघटना यांचा वाद विकोपाला गेला आणि 2005 मध्ये फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाने, फिलिपिन्सला निलंबित केलं. त्याच वर्षी आग्नेय आशियाई स्पर्धा इथेच भरल्या, यजमान स्वतः, आणि त्यात बास्केटबॉलच नाही. 2007 मध्ये ‘समाहांग बास्केटबॉल नांग पिलिपिनास’ ही नवी संघटना उभी राहिली तेव्हा बंदी उठली. “पोरं तयार होती,” कोच म्हणाले, “कागद तयार नव्हते.”

हे वाक्य मला कळलं ते पुढच्या वर्षी. चौदा वर्षांखालच्या मुलांचा संघ माझ्याकडे आला होता. दोन महिने मी फक्त पायांवर काम केलं: थांबणं, वळणं, डाव्या हाताने ले-अप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकणं. त्यात एक मुलगा होता, बुटका, पण पास असा द्यायचा की घेणाऱ्याला हात हलवावा लागत नसे. नोंदणीच्या दिवशी वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला मागितला आणि कळलं, त्याच्या जन्माची नोंदच झालेली नाही. इथे जन्मानंतर तीस दिवसांत नोंद करावी लागते, नाहीतर ती उशिराची नोंद ठरते. मग नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेची कागदपत्रं, नात्यात नसलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं, आणि वर दहा दिवस नोटीस लावून ठेवायची.

लिगा सुरू झाली. तो गणवेश घालून रोज बाकावर येऊन बसला. पाणी द्यायचा, टाळ्या वाजवायचा. त्याची आजी कुंपणाबाहेर उभी असायची, तिच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. नियम चुकीचा नव्हता. वय लपवून मोठी पोरं लहानांत घुसवणारे असतातच, त्यांना असंच थांबवावं लागतं. चूक माझी होती. दोन महिने मी त्याचा डावा हात घडवत होतो आणि एकदाही विचारलं नाही की बाळा, तुझा दाखला आहे का.

हंगाम संपल्यावर मी कुयांकडे गेलो आणि नोंदणीचं काम मागून घेतलं. आता कागद गोळा करायला आम्ही स्पर्धेच्या चार महिने आधी बसतो. लहान गटासाठी आणखी एक नियम करून घेतला: पहिल्या अर्ध्यात प्रत्येक मुलाने एक पूर्ण क्वार्टर खेळायचंच. त्यावर एका कोचने माझ्याशी जोरदार भांडण केलं. त्याला जिंकायचं होतं, ते मला समजतं. मी मागे हटलो नाही.

आठवड्यातून तीन दिवस अजूनही शिकवतो. तो बुटका मुलगा आता माझ्याहून उंच आहे आणि सीनियर गटात खेळतो. यंदाच्या यादीत दोन मुलांचे दाखले यायचे राहिलेत. उद्या सकाळी ऑफिसच्या आधी त्यातल्या एकाच्या आईला घेऊन रजिस्ट्रारच्या कार्यालयात जायचंय. रांग साडेसातला लागते.