कोथरूडचा जुना फ्लॅट की टाऊनशिप: एका पाहणीचा दिवस

नुकताच रंग दिलेला जुना फ्लॅट पाहायचा असेल, तर आधी त्याच्या खालच्या घराची बेल वाजवावी. कोथरूडच्या त्या इमारतीत मी तेच केलं. इमारत 1988 ची, तळमजल्यावर तीन मजले, एकूण बारा फ्लॅट. विक्रीचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता आणि आतून अगदी लख्ख. तळमजल्यावरच्या काकूंनी न्हाणीघराचं दार उघडलं, तर वर पीव्हीसी पट्ट्यांचं खोटं छत. त्यांच्या परवानगीने एक पट्टी सरकवली. स्लॅबचे पापुद्रे सुटलेले आणि दोन सळया फुगून उघड्या पडलेल्या.

माझं काम स्थापत्य अभियंत्याचं, घर घेणाऱ्यांसाठी इमारत तपासून देण्याचं. या वेळचं कुटुंब चौघांचं: नवरा-बायको, शाळकरी मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. समोर दोन पर्याय, दोन्ही नव्वद लाखांच्या आसपास. सकाळी कोथरूड, दुपारी शहराच्या पश्चिमेची टाऊनशिप, असा दिवस ठरला होता.

त्या काळच्या न्हाणीघरांचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे पाणी नळात सोडणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा एकदा सुटला की पाणी कोब्यात मुरत राहतं. वरची फरशी कोरडीच दिसते. सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम पंधरा-वीस मिलिमीटर. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की काँक्रीटची अल्कता संपते आणि सळईला गंज धरतो. गंजलेली सळई मूळच्यापेक्षा जास्त जागा मागते, म्हणून काँक्रीट फुटतं. हे तपासायला ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारायचं: गुलाबी झालं तर अल्कता शाबूत, रंगच आला नाही तर गेलेली. न्हाणीघराच्या स्लॅबमध्ये सळईपर्यंत रंग आला नाही. जिन्याजवळच्या दोन कॉलमवर मात्र पृष्ठभागापासून थोड्याच खोलीवर गडद गुलाबी उमटला, आणि हातोडीने ठोकल्यावर आवाजही भरीव आला. म्हणजे दुखणं ओल्या भागापुरतं होतं. कोबा पूर्ण काढायचा, सळया घासून जस्तयुक्त प्रायमर लावायचा, पॉलिमर मॉर्टरने स्लॅब भरायचा, नवा ट्रॅप, वॉटरप्रूफिंग, आणि फरशी बसवण्याआधी पाणी भरून तीन दिवस ठेवायचं. दोन न्हाणीघरांचा माझा अंदाज अडीच लाखांचा. नुसत्या वरच्या टाइल्स बदलून हे मिटत नाही. अनेक जण तेवढंच करतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात खालच्यांशी भांडण होतं.

इमारत दुरुस्त होण्याजोगी होती. खरी अडचण कागदात निघाली. एजंटचा सगळा भर 'रीडेव्हलपमेंट होणारच' यावर होता आणि आजूबाजूच्या दरापेक्षा दहा लाख जास्त त्याच आशेवर मागितले होते. प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या नोंदीवर, नाव मूळ जमीनमालकाचंच. मोफा, म्हणजे बिल्डरच्या फ्लॅट विक्रीवरचा महाराष्ट्राचा कायदा, 1963 चा. त्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. इथे ते झालंच नव्हतं. उपाय आहे: जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीविना जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचा अर्ज. त्यासाठी प्रत्येक सभासदाच्या नोंदणीकृत कराराची इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचं नोंदणीपत्र असा संच लागतो. आदेशानंतर मुद्रांक निश्चिती, दस्ताची नोंदणी आणि शेवटी कार्डावर फेरफार. आदेश मिळाला म्हणून पुढचं विसरलेल्या सोसायट्याही असतात, आणि त्यांचं नाव कार्डावर कधी चढतच नाही.

मग गल्ली मोजली: सहा मीटर. नकाशातही सहाच. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) आणि प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) वापरता येत नाही. बारा घरांना वाढीव जागा देऊन विकायला पुरेसं काही उरणार नसेल, तर बिल्डर कशासाठी येईल? गल्ली रुंद होईपर्यंत ते दहा लाख हवेतले, हे मी त्या कुटुंबाला स्पष्ट सांगितलं.

करारातले 850 चौरस फूट बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंतींसकट होते. लेझरने मोजल्यावर कार्पेट, म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्र, 655 भरलं. जुन्या आणि नव्या घराची तुलना करताना एवढी मोजणी तरी करावीच. रेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवरच्या कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती नाही. टाऊनशिपचा फ्लॅट त्या हिशेबाने 690.

तिथे पोचलो तेव्हा नमुना फ्लॅट दाखवायला माणूस तयारच होता. मी आधी मुख्य गेटवर गेलो. पहिल्या दोन इमारतींत लोक राहायला आले होते आणि गेटवर टँकरची वही होती. पानामागून पान टँकरच्याच नोंदी. हिशेब सोपा आहे: माणशी 135 लिटर धरले, तर चौघांच्या घराला 540. चारशे घरांना दोन लाख सोळा हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे जवळपास बावीस टँकर रोज. फ्लशला शुद्ध केलेलं सांडपाणी वापरलं तर हा आकडा बराच खाली येतो. पण सांडपाणी केंद्र त्या दिवशी बंद होतं आणि पंपांवर धूळ होती. विक्री कार्यालयात 'पाणी मंजूर आहे' असं उत्तर मिळालं. मंजुरीपत्राची प्रत आणि रोजचे लिटर मागितले; प्रत मिळाली नाही.

दोन वर्षांचा मेंटेनन्स ताब्याच्या वेळी आगाऊ घेतात, त्यामुळे टँकरचा खर्च तोवर बोचत नाही. नंतर व्यवस्थापन सभासदांकडे आलं की लिफ्टचे करार, अग्निशमनाची वर्षातून दोनदा द्यायची प्रमाणपत्रं, जनरेटर आणि टँकर एकदम अंगावर येतात. आधीच राहणाऱ्यांकडून मेंटेनन्सची पावती पाहायला मागणं हाच भरवशाचा मार्ग. लोक दाखवतातही.

महारेराच्या, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मंजूर आराखडा उघडला, तेव्हा माहितीपत्रकातली बाग आणि शाळा तिसऱ्या टप्प्यात निघाली, आणि त्या टप्प्याची नोंदणीच झालेली नव्हती. संपूर्ण आराखड्याची जमीन शिखर संस्थेच्या, म्हणजे सगळ्या इमारतींच्या मिळून एका संस्थेच्या, नावे होते ती शेवटच्या इमारतीला भोगवटा पत्र, म्हणजे राहायची परवानगी, मिळाल्यावर. म्हणजे जमिनीची वाट इथेही पाहायचीच. नव्याची जमेची बाजूही खरी आहे: बांधकामातल्या दोषांसाठी पाच वर्षं बिल्डर जबाबदार, ताबा लांबला तर व्याज, दोन जिने, लिफ्ट, मुलांना गाड्यांविना मोकळी जागा. पाणी आणि भोगवटा पत्र असतं तर मी याच बाजूने बोललो असतो. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे साडेचार लाख; जुन्यावर तो नाही. मुद्रांक शुल्क पुण्यात दोन्हीकडे 7 टक्केच.

संध्याकाळी अहवालात मी कोथरूडची बाजू घेतली, पण मागितलेल्या भावाला नाही. रीडेव्हलपमेंटचे दहा लाख आणि दुरुस्तीचे अडीच वजा, आणि टोकनपूर्वी तीन कागद: सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल आणि पहिल्या खरेदीपासूनची करारांची अखंड साखळी. उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. इथलं शेवटचं खूप जुनं होतं. विक्रेता साडेनऊ लाख उतरला आणि व्यवहार ठरला. सोसायटीने मानीव अभिहस्तांतरणासाठी कागद गोळा करायला घेतले, तेव्हा बारापैकी दोघांचे करार नोंदलेलेच नाहीत असं कळलं. आता आधी त्या दोन करारांची नियमितता, दंडासह मुद्रांक शुल्क, आणि मगच अर्ज.